फेअर ट्रेडचा शिक्का लागला तर मागावरच्या माणसाच्या हातात काय पडतं?

टेरीवाला (सोम, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. वडिलांनी चालू केले, आता मी बघतो. मुंबईच्या एका निर्यातदारानं नमुने नेले होते. परवा त्याचा मेल आला की युरोपातलं गिऱ्हाईक विचारतंय, माल फेअर ट्रेड, म्हणजे पिकवणाऱ्या-बनवणाऱ्याला रास्त मोबदला देऊन घेतलेला, आहे का? सोबत लांबलचक प्रश्नावली. कामाचे तास किती, ओव्हरटाइम दुप्पट देता का, बाई-माणसाला सारखी मजुरी आहे का, तक्रारपेटी कुठं लावली आहे. आमच्याकडं पेटीबिटी नाही, ज्याला तक्रार करायची तो सरळ माझ्या टेबलाशी येऊन भांडतो.

निर्यातदार म्हणतो शिक्का घ्या, भाव चढतो. शेजारचा कारखानदार म्हणतो, नुसता कागद रंगवायचा धंदा आहे, पडू नकोस. मला विचारायचंय एवढंच की मागावर बारा तास उभा राहणारा, सुताच्या कांड्या भरणारी बाई, माल घरी नेऊन कडा शिवणारी बाई, यांच्या हातात यातून जास्तीचं काय पडतं? आणि ते जातं कुणाच्या खिशातून? जाणकारांनी सांगावं.

खवचट_काका (सोम, रात्री ९:५२)

टॉवेलच्या धाग्यावर रुमाल टाकून ठेवतो. चालेल ना?

पेठेतला_पुणेकर (सोम, रात्री १०:०५)

फेअर ट्रेड राहू द्या, आधी अस्सल माल तरी द्या. गेल्या थंडीत रस्त्यावरच्या सेलमधून 'सोलापुरी' म्हणून घेतलेली चादर पॉलिस्टरची निघाली. दुसऱ्या धुण्यात गोळे आले.

टेरीवाला (सोम, रात्री १०:११)

@पुणेकर, ती सोलापूरची नव्हतीच हो. बाहेरगावी बनलेल्या चादरीवर आमच्या गावाचं नाव छापून विकतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण सेलच्या मंडपात जाऊन ते तपासणार कोण? आणि मानांकन नाव राखतं, मजुरी नाही. म्हणूनच तर हा धागा.

सूत्रधार (सोम, रात्री ११:३०)

मी काही वर्षं या तपासणीच्या क्षेत्रात काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फेअर ट्रेड नावाची एकच संस्था किंवा एकच शिक्का नाही. ठळक घराणी दोन. एक मालावर शिक्का मारणारं. याची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी 'मॅक्स हॅवलार' या शिक्क्यानं विकून. पुढच्याच वर्षी कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा कोसळला, भाव तळाला गेले आणि या कल्पनेला जोर आला. वेगवेगळ्या देशांतले शिक्के १९९७ मध्ये एका छत्राखाली आले, तेच आजचं फेअरट्रेड इंटरनॅशनल. मुख्यालय जर्मनीत, बॉनला.

यांच्याकडे दोन हत्यारं आहेत. किमान भाव आणि प्रीमियम. बाजार पडला तरी खरेदीदारानं किमान भावाखाली घ्यायचं नाही. बाजार वर असेल तर बाजारभाव द्यायचा. शिवाय प्रत्येक किलोवर प्रीमियम वेगळा. तो एकट्या शेतकऱ्याच्या खिशात जात नाही, संस्थेच्या खात्यात जातो आणि विहीर करायची, शाळेची खोली बांधायची की वाटून घ्यायचा हे सभासद सभेत ठरवतात. चहाच्या मळ्यासारख्या मजुरीच्या ठिकाणी मजुरांनी निवडलेली समिती ठरवते, मालक नाही.

दुसरं घराणं म्हणजे वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन, १९८९ पासूनचं. हे अख्खी संस्था तपासतात, दहा तत्त्वांवर. हस्तकलेच्या गटांना हे जास्त जुळतं. त्यात एक कलम तुमच्या कामाचं आहे. उत्पादकानं मागितलं तर हस्तकलेच्या ऑर्डरची निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, बिनव्याजी.

आता टॉवेल. फेअरट्रेडचा कापसाचा शिक्का आहे ना, तो कापूस पिकवणाऱ्यासाठी आहे. किमान भाव आणि प्रीमियम कापूसवाल्याच्या संस्थेला. सूतगिरणी, माग, रंगाई, शिलाई यांनी कामगार कायदे आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे मूलभूत नियम पाळतो एवढं दाखवायचं. म्हणजे तुम्ही उद्या फेअरट्रेड कापसाचं सूत आणून टॉवेल विणलात आणि त्यावर शिक्का झळकला, तर विदर्भातल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. तुमच्या कांडीवालीला त्या शिक्क्यातून काहीच नाही.

टेरीवाला (सोम, रात्री ११:४४)

काय सांगता! टॉवेल आम्ही विणायचा आणि विणणाऱ्याचा त्यात हिशोबच नाही?

सूत्रधार (सोम, रात्री ११:५८)

होय. ही टीका त्यांच्यावर खूप झाली म्हणून २०१६ मध्ये कापड उद्योगासाठी वेगळं मानक काढलं. त्यात सूतगिरणीपासून शिलाईपर्यंत सगळे कामगार येतात आणि सहा वर्षांत जगण्यापुरत्या मजुरीपर्यंत न्यायचं बंधन आहे. ऐकायला उत्तम. पण एका मागवाल्याला एकट्याला ते पेलणारं नाही, त्यासाठी वरपासून खालपर्यंतची साखळी तयार हवी, आणि वरचा ब्रँड राजी हवा.

डाळिंबवाला_सांगोला (मंगळ, सकाळी ६:५०)

आमच्याकडं पण हाच गोंधळ. भगवा डाळिंब युरोपला पाठवायचं म्हणून ग्लोबलगॅप केलं. गावातले म्हणायला लागले, तुझं फेअर ट्रेड झालं, आता तुला काय कमी. अहो, ग्लोबलगॅप म्हणजे फवारणीची नोंद, औषधाचा अंश, पाणी, पॅकहाऊसची स्वच्छता. मला दर किती मिळाला याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. सेंद्रियचं प्रमाणपत्र आणखी वेगळं. तीन कागद, तीन फिया आणि बागेवर तेल्या रोग आला की तिन्ही कागद गुंडाळून ठेवायचे.

@सूत्रधार, हे किमान भावाचं आमच्या कांद्याला असतं तर? फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं सोलापूरच्या मार्केटात ५१२ किलो कांदा आणला, किलोला रुपया दर लागला, मोटारभाडं-हमाली-तोलाई वजा जाऊन हातात आला दोन रुपयांचा चेक. तोही पुढच्या तारखेचा.

खवचट_काका (मंगळ, सकाळी ७:१५)

तो चेक वटवायला बँकेत जायचं बसभाडं कुणी दिलं म्हणे?

भीमाकाठचा (मंगळ, सकाळी ९:३०)

किमान भावाचं कौतुक चाललंय तर उसाकडं बघा. आमच्याकडं फेअर ट्रेडच्या आधीपासून कायद्यानं किमान भाव आहे. आता त्याला एफआरपी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलला ३४० रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहून ठेवलंय. कारखाने किती पाळतात हा वेगळा धागा होईल, त्याला दोनशे प्रतिसाद माझ्याकडून.

पण एफआरपी मिळते उसाच्या मालकाला. म्हणजे मला. माझ्या फडात कोयता घेऊन बीडवरून आलेलं जोडपं उचल घेऊन आलेलं असतं. पहाटे थंडीत फडात, रात्री गाडी भरेपर्यंत तिथंच, पोर पाचटावर झोपवलेलं. त्यांचा टनाचा दर एफआरपीत नसतो, तो वेगळ्या करारात ठरतो, संप केल्याशिवाय हलत नाही, आणि उचल फिटायची ती फिटतच नाही. एफआरपी वाढली म्हणून कोयत्याचा दर आपोआप वाढला असं मी तरी बघितलं नाही. माझ्यासकट कुणी वाढवत पण नाही.

तेव्हा शिक्का मारून भाव मिळाला तरी तो कुठल्या पायरीवर अडतो ते आधी बघा.

सूत्रधार (मंगळ, सकाळी १०:०५)

@भीमाकाठचा, +१००. पुस्ती जोडतो. फेअरट्रेड साखरेला किमान भाव नाहीच. टनाला ६० डॉलर प्रीमियम आहे, तोही ऊसवाल्यांच्या संस्थेला.

अर्थशून्य (मंगळ, दुपारी १२:२०)

थोडा विरोधी सूर लावतो. २०१४ मध्ये लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेचा अभ्यास आला होता, इथिओपिया आणि युगांडातल्या कॉफी, चहा, फुलांच्या भागांत केलेला. निष्कर्ष असा की फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत रोजावर जाणाऱ्या मजुरांची मजुरी आणि परिस्थिती तशाच दुसऱ्या भागांपेक्षा चांगली नव्हती, बऱ्याच ठिकाणी वाईट होती. फेअरट्रेडवाल्यांनी तुलनेची पद्धतच चुकीची म्हणून तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आहे, पण मूळ मुद्दा सोडता येत नाही. 'छोटा शेतकरी' म्हणून ज्याला मदत जाते तोही कुणाचा तरी मालक असतोच.

दुसरं, शिक्का असलेला सगळा माल शिक्क्यानं विकला जातो असं कुणी समजू नये. गिऱ्हाईक मिळेल तेवढा शिक्क्याच्या भावानं, उरलेला नेहमीच्या बाजारात नेहमीच्या भावानं. तपासणीचा खर्च मात्र सगळ्यावर बसतो.

तिसरं, किमान भाव पडत्या बाजारातच कामाचा. २०२३ च्या ऑगस्टपासून त्यांनी अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला १.४० वरून १.८० डॉलर केला. पण २०२५ च्या सुरुवातीला बाजारच त्याच्या दुपटीच्या वर गेला. तेव्हा किमान भाव नुसता कागदावर.

डाळिंबवाला_सांगोला (मंगळ, दुपारी १२:४१)

@अर्थशून्य, पडत्या बाजारातच कामाचा म्हणजे काय कमी आहे का राव? चढत्या बाजारात आम्हाला कोण लागतंय.

अव्वाची_नात (मंगळ, रात्री ११:१२)

वाचून राहवलं नाही. आमचं घर विड्यांवर चाललं. आजी, आई, मावशी, सगळ्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात शिव्या दोन्ही भाषांत.

मालक म्हणजे कोण असतो ते आमच्याकडच्या बाईला विचारा. पान, तंबाखू, दोरा कारखान्यातून आणायचा. रात्री पान भिजवायचं, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप घ्यायचं आणि वळत बसायचं. आजीच्या उजव्या अंगठ्याचं नख टोक मुडपून मुडपून कडेनं झिजलेलं होतं, ते कधी पूर्ण वाढलंच नाही. हजार विड्यांवर मजुरी. पान खराब निघालं तर हजार भरत नाहीत, मग पदरच्या पैशानं बाजारातून पान घ्यायचं.

मग तपासनीस. एका कारखान्याचं सांगते, नाव घेत नाही. जुडी हातात घ्यायचा, अंगठ्यानं वरून दाबायचा, दोन बाहेर काढायचा, बोटांत चुरायचा आणि 'छाट' म्हणून बाजूच्या टोपलीत. छाटीचे पैसे नाहीत आणि छाटलेल्या विड्या परतही नाहीत. आई एकदा म्हणाली, नको असतील तर माझ्या मला द्या. तर म्हणे, उद्यापासून येऊ नको. १९६६ मध्ये विडी कामगारांचा कायदा झाला, त्यात छाटीला मर्यादा घालायची सोय होती. पुढं कामगाराचं ओळखपत्र आलं, प्रॉव्हिडंट फंड आला. हे आम्हाला मिळालं ते परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं म्हणून नाही, युनियनच्या बायका रस्त्यावर बसल्या म्हणून. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे ती पण तशीच, मोर्चे काढून.

आणि विडीला फेअर ट्रेड मिळणारच नाही. त्यांच्या यादीत तंबाखू नाही. नसावाच, ते बरोबर आहे. पण मग त्या बायकांचं काय?

@टेरीवाला, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून मीही विचारते. तुमच्याकडं कडा शिवायला घरी माल नेणाऱ्या बायकांची नावं तुमच्या हजेरीवर आहेत का?

टेरीवाला (बुध, सकाळी ८:२०)

नाहीत. वहीत आहेत, हजेरीवर नाहीत. त्या नगावर काम करतात, दोन-तीन कारखान्यांचं आणतात. सगळीकडं असंच आहे.

जुना_भोंगा (बुध, सकाळी ९:०५)

सगळीकडं असंच आहे, हे वाक्य आमच्या वडिलांनी पण ऐकलं. ते जुन्या मिलमध्ये. १८७७ ची गिरणी, सोलापुरातली पहिली. भोंगा झाला की अर्ध्या गावाची घड्याळं लागायची. त्यांना पाळी होती, फंड होता, रजा होती. गिरण्या बंद पडल्या, काम यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं आणि तिथं बारा तास झाले. प्रॉव्हिडंट फंड वीस कामगारांवर लागतो म्हणून एकाच पत्र्याखाली कागदावर तीन कारखाने. एक बायकोच्या नावावर, एक भावाच्या, एक मेव्हण्याच्या. मधे भिंत पण नाही.

काय बोलालाव बे फेअर ट्रेड फेअर ट्रेड. आहे तो कायदा पाळला तर निम्मी प्रश्नावली तिथंच भरते.

टेरीवाला (बुध, सकाळी ९:२२)

@जुना_भोंगा, कारखानदार म्हणजे सगळे चोर असं लिहू नका. सूत आम्हाला रोखीनं किंवा थोड्या उधारीवर घ्यावं लागतं, माल गेला की पैसे यायला तीन-चार महिने. मधल्या काळात आठवड्याचा पगार मी कुठून काढतो? सुताचा दर महिन्यात दोनदा हलतो, टॉवेलचा दर वर्षभर तोच. लाइट बिलाचं बोलतच नाही.

इचलकरंजीकर (बुध, सकाळी १०:४०)

आमच्याकडं खर्चीवाला मागवाला आहे. व्यापारी सूत देणार, आम्ही विणणार, पिकाला, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याला, काही पैसे या हिशोबानं मजुरी. नावाला मालक, खरा म्हणजे स्वतःच्या मागावरचा मजूर. पिकाचा दर वाढल्याशिवाय आमचा कामगार वाढ मागूच शकत नाही. मागितली तर आम्ही देऊच शकत नाही. त्यामुळं @टेरीवाला यांचं पण खोटं नाही.

पेठेतला_पुणेकर (बुध, दुपारी १:१५)

एक भाबडा प्रश्न. टॉवेल वीस रुपयांनी महागला तर मी देईन. पण ते वीस रुपये कांडीवालीपर्यंत पोचले हे मला कळणार कसं?

खवचट_काका (बुध, दुपारी १:२०)

पुणेकर वीस रुपये जास्त देतोय. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

सर्वोदयी (बुध, दुपारी ३:०५)

पुणेकरांचा प्रश्न भाबडा नाही. चरखा संघात १९३५ मध्ये हाच वाद झाला. गांधीजींचं म्हणणं होतं की कातणाऱ्या बाईला पोट भरण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांना आठ आणे. कार्यकर्ते म्हणाले खादी महागेल, खपणार नाही. शेवटी आठ आण्यांवरून खूप खाली येऊन का होईना, पण किमान मजुरी ठरली आणि खादीचे दर चढले. खरेदीदारावर ओझं टाकायचं ते उघड टाकायचं, ही भूमिका होती. तेव्हा युरोपातल्या दुकानात जे चाललंय ते आपल्याकडं वर्ध्यात आधी होऊन गेलंय. पण तिथं माणूस आणि दुकान एकमेकांना ओळखत होते. इथं मधे निर्यातदार, आयातदार, ब्रँड, सगळे.

फ्रँकफुर्टवासी (बुध, रात्री ८:५०)

मूळचा होटगी रोडचा, सध्या जर्मनीत. इथं दुकानात केळी, चॉकलेट, केनियाचे गुलाब, सगळ्यावर तो शिक्का दिसतो. पण @टेरीवाला यांच्याकडं आलेली प्रश्नावली फेअर ट्रेडची असेलच असं नाही. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे. आधी तीन हजार कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, २०२४ पासून एक हजारवाल्यांना. पुरवठादाराकडं बालमजुरी, वेठबिगारी, मजुरीचा घोळ आहे का हे त्यांनी बघायचं. बऱ्याच कंपन्या काय करतात, एक लांब फॉर्म करून खाली ढकलतात. ब्रँड आयातदाराकडं, तो निर्यातदाराकडं, तो तुमच्याकडं. तुम्ही सही केली की वरच्यांच्या फाइलीत कागद लागला. दर कुणी वाढवत नाही.

उलट विचारा. दर किती वाढवणार, आगाऊ किती देणार, आणि ऑर्डर एकदाची की वर्षाची? लेखी उत्तर मागा. ते न देता नुसता शिक्का मागणारा माणूस फेअर ट्रेड करत नाहीये.

सूत्रधार (बुध, रात्री ९:३०)

@फ्रँकफुर्टवासी, अगदी. शिवाय फेअर ट्रेडमध्ये खरेदीदारावरही बंधनं असतात, हे सगळे विसरतात. दीर्घ मुदतीचा व्यवहार, वेळेवर पैसे, मागितलं तर आगाऊ रक्कम. सगळी तपासणी विणणाऱ्याची आणि घेणाऱ्याची काहीच नाही, असं झालं तर तो नुसता ऑडिट.

खवचट_काका (बुध, रात्री ९:४१)

अवांतर: यंत्रमागाला हस्तकला म्हणता येतं का? माग बंद पडला की हातानंच ढकलतात म्हणून विचारलं. हलके घ्या.

टेरीवाला (शुक्र, रात्री १०:१५)

निर्यातदाराशी बोललो. फ्रँकफुर्टवासींनी सांगितलं तसं तिन्ही विचारलं. दर तोच. आगाऊ काही नाही. पुढची ऑर्डर 'माल बघून'. शिक्क्याची फी माझी, तपासणीसाचा खर्च माझा. मी म्हटलं मग यात फेअर काय, तर म्हणाला मार्केटमध्ये नाव होतं.

प्रश्नावली भरली, खरी भरली. बारा तास लिहिले, घरी काम नेणाऱ्या बायका लिहिल्या. बघू घेतात का. शिक्का आत्ता घेत नाही. गल्लीतल्या सात-आठ मागवाल्यांना एकत्र करून सूत एकदम घ्यायचं बोलणं चालू केलंय, त्यात उधारीचं व्याज वाचतं. त्यातून कडा शिवणाऱ्यांचा नगाचा दर वाढवता येईल असं माझं गणित आहे.

इचलकरंजीकर (शुक्र, रात्री १०:३३)

सूत एकत्र घेताना हिशोब एकाच्या हातात देऊ नका. अनुभवाचे बोल. व्यक्तिगत निरोप करतो.

अव्वाची_नात (शुक्र, रात्री १०:५०)

गणित चांगलं आहे. त्यात बायकांना बोलावलंत का?

टेरीवाला (शुक्र, रात्री १०:५८)

आधी मागवाल्यांचं जमू दे. दिवाळीनंतर त्यांच्याशी पण बसू.

अव्वाची_नात (शुक्र, रात्री ११:०२)

दिवाळीच्या आधीच्या मालाला बायका रात्र-रात्र जागतात, दर तेव्हाच्या मालाला हवाय. आधी बसा. आणि वहीतली नावं हजेरीवर घ्यायला सुताचा दर उतरायची वाट बघावी लागत नाही.

खवचट_काका (शुक्र, रात्री ११:०५)

टेरीवाले, बघा, तक्रार पेटीशिवाय पोचली.